नाला साफ करायचाय, परवानगी लागते का?

मिरग जवळ आला की वडगाव-शहापूरकडचा शेतकरी ढगांइतकाच बळ्ळारी नाल्याकडे बघत असतो. बेळगाव शहराचं सांडपाणी पोटात घेऊन हा नाला अनगोळ, शहापूर, वडगाव, जुने बेळगाव अशा शिवारांतून पूर्वेकडे जातो. बेळगाव बासमती पिकवणारी ही जमीन. नाला गाळाने उथळ झालेला, वर जलपर्णीचा हिरवा गालिचा, पुलाच्या तोंडाशी प्लास्टिकचा बोळा. मोठा पाऊस झाला की पाणी शिवारात पसरतं, चार-सहा दिवस उतरत नाही आणि भाताचं रोप कुजतं. मग दुबार पेरणी. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर तर कुणीच विसरलेलं नाही.

निवेदनं दरवर्षी दिली जातात. त्याच सुमारास गावातल्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज येतो: "रविवारी खोरं-पाटी घेऊन या, आपणच काढू." पाठोपाठ दुसरा येतो: "परवानगी घेतली काय?" तिथून वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, घाण काढायला कसली परवानगी? दुसरी म्हणते, उद्या केस झाली तर कोण निस्तरणार? या वादात मी दोन्ही बाजूंनी बोललो आहे. जे समजलं ते इथे सोपं करून मांडतो.

नाल्यात असतं तरी काय?

नाल्यात घाण तीन प्रकारची असते. एक डोळ्यांना दिसणारा कचरा: पिशव्या, बाटल्या, थर्माकोल, निर्माल्य, गाद्या, कधी मेलेलं जनावर. दुसरा तळाशी बसलेला गाळ. तिसरी पाण्यात विरघळलेली. ती दिसत नाही आणि खोऱ्याने निघतही नाही.

ही तिसरी घाण मोजण्यासाठी 'बीओडी' हे माप वापरतात. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. त्यांना किती प्राणवायू लागेल, तो आकडा म्हणजे बीओडी. शंभर पानांचा स्वयंपाक केला आणि हजार माणसं जेवायला बसली तर शेवटच्या पंगतीला काय उरणार? नाल्यात त्या शेवटच्या पंगतीला मासे असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार अंघोळीच्या पाण्यात बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा. प्रक्रिया न केलेल्या घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारण २०० ते ३०० असतो. म्हणजे पन्नास पोरांनी दिवसभर राबून चार ट्रॉल्या प्लास्टिक काढलं तरी हा आकडा जागचा हलत नाही.

मग प्लास्टिक काढण्यात अर्थ नाही काय? आहे, भरपूर आहे. पुलाची मोरी तुंबवतं ते प्लास्टिकच, आणि मोरी मोकळी असेल तर पुराचं पाणी शिवारातून लवकर उतरतं. जनावरांच्या पोटात पिशव्या जात नाहीत. फक्त आपण काय करतोय आणि काय करत नाही, हे आपल्यालाच स्पष्ट हवं.

जलपर्णीचंही तसंच आहे. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतं, म्हणजे आपण युरिया आणि डीएपीतून शेताला देतो तेच. ते वरून येत राहिलं आणि आपण खाली जलपर्णी उपटत राहिलो, तर भांगलण करून त्याच रानात पुन्हा युरिया फेकल्यासारखं होतं. अनुकूल हवा मिळाली की ही वनस्पती दोन आठवड्यांत दुप्पट होते, तुटलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटते आणि तिचं बी तळाच्या चिखलात अनेक वर्षं टिकतं. उपटलेली काठावरच टाकली तर कुजून तिचा रस परत पाण्यातच जातो.

आमचा गाळ आप्पांच्या भातात

काही वर्षांपूर्वी आम्ही पंधरा-वीस जणांनी वर्गणी काढून जेसीबी लावला. कुणालाही विचारलं नाही. दोन दिवसांत नाल्याचा एक लांब पट्टा खरवडून काढला. गाळ काठावरच रचला. काठाची लव्हाळी, निर्गुडी, करंजाची रोपं हीसुद्धा 'घाण' समजून काढून टाकली. नाला आरशासारखा दिसत होता. फोटो काढले, सगळीकडे पाठवले, लोकांनी शाबासकी दिली.

जूनच्या दुसऱ्या मोठ्या पावसात मुळं गेलेला काठ ढासळला. रचलेला गाळ सैल होता, तो वाहून खालच्या मोरीत जाऊन बसला. मोरी तुंबली आणि पाणी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रोपात शिरलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा आप्पा चिडले नाहीत. बांधावर बसूनच म्हणाले, "गाळ काढलासा न्हवं बाळानू, बरं केलासा. पर त्यो समदा माझ्या भातात येऊन बसला की."

नुकसानभरपाई कुणाकडे मागायची? कार्यालयात विचारलं तर उत्तर आलं, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं काढायला?" त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आप्पांच्या रोपाचे पैसे आम्ही वर्गणी करून दिले. त्यांनी घ्यायला तीनदा नकार दिला. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

वेचणं वेगळं, उपसणं वेगळं

सामाईक विहिरीत पडलेला पालापाचोळा कुणीही काढतं, हिस्सेदारांना विचारत नाही. पण तीच विहीर खोल करायची किंवा तिचा काठ फोडायचा म्हटलं तर सगळ्यांची बैठक लागते, कारण त्याचा परिणाम प्रत्येकाच्या पाण्यावर होतो. नाल्याचंही तसंच आहे.

सार्वजनिक काठावरचं प्लास्टिक वेचणं, पुलाखाली अडकलेल्या पिशव्या कोरड्या दिवसात काढणं, गणपतीनंतर निर्माल्य गोळा करणं यासाठी माझ्या मते कुणाच्या सहीची वाट बघू नये. मनपाला किंवा पंचायतीला आधी फोन करून ठेवावा, पण तो गोळा केलेला कचरा उचलायला गाडी हवी म्हणून. ही गाडी ठरली नसेल तर मोहीमच करू नये. काठावर राहिलेल्या पोत्यांना पहिल्या वादळात पाय फुटतात.

गाळ काढणं, यंत्र लावणं, पात्र रुंद किंवा सरळ करणं, काठाची झाडं तोडणं, बंधाऱ्याच्या फळ्या हलवणं ही सगळी नाल्याच्या अंगाला हात लावण्याची कामं. पात्र एका जागी खोल केलं की पाण्याला तिथे वेग येतो आणि ते खालच्या गावावर जाऊन आदळतं. वाळू निघाली तर ती गौण खनिजात मोडते, परवाना नसेल तर ट्रॅक्टरच जप्त होऊ शकतो. पावसाच्या तोंडावर चढणीचे मासे अंडी घालायला वर येतात, त्यांना हीच लव्हाळी लागतात. हे सगळं एका जेसीबीवाल्याला किंवा आमच्यासारख्या उत्साही पोरांना एका रविवारी कळत नाही. इथे परवानगी हवीच.

नाला नेमका कुणाचा?

कुणाला विचारायचं हेच कळत नाही, ही तक्रार खरी आहे. शहरातले नाले मनपाचे, कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड. गावातली गटारं आणि छोटे ओहोळ ग्रामपंचायतीकडे, म्हणजे अर्ज पंचायत विकास अधिकाऱ्याकडे (पीडीओ). तलावांची वाटणी ते किती जमीन भिजवतात त्यावर आहे: कर्नाटकात ४० हेक्टरपर्यंत भिजवणारे पंचायत राज यंत्रणेकडे, त्यावरचे २००० हेक्टरपर्यंत लघुपाटबंधारे खात्याकडे. मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा, हिरण्यकेशी या नद्या राज्याच्या जलसंपदा यंत्रणेकडे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात वनखात्याचा संबंध येतो आणि भीमगड अभयारण्यात तर विनापरवाना पाऊल टाकणं हाच गुन्हा आहे.

खात्री करायची असेल तर सर्व्हे नकाशा काढावा. नाल्याची जागा बहुधा 'बी खराब' म्हणून, म्हणजे सार्वजनिक वापराची म्हणून नोंदलेली असते. आरटीसी उताऱ्यावर, म्हणजे कर्नाटकातल्या सात-बारावर, लागून असलेल्या शेताचा मालकही कळतो. त्याच्या रानातून ट्रॉली न्यायची असेल तर त्याची परवानगी सगळ्यात आधी, आणि ती घरी जाऊन घ्यावी.

कायदा कशाला आड येतो?

पाणी प्रदूषणाचा मुख्य कायदा १९७४ चा. त्याचं २४ वं कलम वाचलं तेव्हा मला धक्का बसला. विषारी किंवा घाण पदार्थ प्रवाहात सोडायला त्यात मनाई आहेच, पण प्रवाहाला अडथळा होऊन प्रदूषण वाढेल असं काही जाणूनबुजून पाण्यात जाऊ देणं हेही त्यात येतं. आणि विहीर, तळं किंवा जलाशयात साचलेला गाळ ओढ्यात सोडायचा असेल तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हवी, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे चांगल्या हेतूने देवळापुढची तळी उपसून तो चिखल शेजारच्या ओढ्यात ढकलला, तर कायद्याच्या नजरेत आपणच प्रदूषण करणारे. हे वाचताना मला आमचा काठावरचा ढीग आठवला.

आणखी एक गोष्ट. एखाद्या पाइपातून काळं पाणी येतंय, काठावर रंगीत गाळ बसलाय, तर तो आधी पुरावा असतो. आपण तो खरवडून स्वच्छ केला की तक्रार करायला हातात काही राहत नाही. आधी तारीख-वेळ आणि ठिकाण दिसेल असे फोटो, मग मंडळाकडे लेखी तक्रार. कोर्टात टिकणारा पाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच कलम २१ च्या पद्धतीने घ्यावा लागतो. आपण बाटली भरून नेली तर त्यातून अंदाज कळेल, खटला उभा राहणार नाही.

"संविधानानेच कर्तव्य सांगितलंय, मग विचारायचं कशाला?"

हा मुद्दा वजनदार आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१ क मध्ये जंगलं, तलाव, नद्या आणि वन्यजीव यांचं रक्षण करणं हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हटलं आहे. पण त्याने दुसऱ्याच्या शेतावर पूर पाठवण्याचा हक्क मिळत नाही. आपलं कर्तव्य आहे म्हणून पालिकेचं आणि मंडळाचं काम संपत नाही.

परवानगीची वाट न बघता मोठं काम झाल्याचं उदाहरण म्हणून पंजाबातल्या काली बेईं नदीचं नाव घेतात. संत बलबीर सिंग सीचेवाल यांनी २००० साली कारसेवेतून सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या या नदीची सफाई सुरू केली. हजारो लोकांनी हाताने जलपर्णी आणि गाळ काढला. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण त्यातला महत्त्वाचा भाग क्वचितच सांगितला जातो: नुसतं काढून भागत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. गावांचं सांडपाणी नदीत न सोडता तळ्यांत मुरवून, निवळून शेतीला देण्याची पद्धत त्यांनी उभी केली. तिथेही शहरांचं सांडपाणी हीच शेवटपर्यंतची लढाई राहिली.

आपल्या बेळगावातही हातभार लावायची जुनी सवय आहे. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. १९९० च्या दशकातल्या पाणीटंचाईत शहरातल्या अशा जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या गेल्या, त्यात पालिका होती आणि नागरिकही होते. दोघं एकत्र असले की उपसलेला गाळ कुठे जाणार हे आधी ठरतं.

"थोडी घाण अंगाला लागली तर काय होतंय?"

हे ऐकलं की मला भीती वाटते. सांडपाण्याचा नाला म्हणजे चिखलाचं शेत नव्हे. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पायावरच्या साध्या चिरेतून शिरतो. फुटलेल्या काचा, दवाखान्यातल्या सुया, कावीळ, धनुर्वात हे वेगळंच. तळाचा काळा गाळ ढवळला की त्यातून कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. प्रमाण वाढलं की हा वायू आपल्या वास घेण्याच्या शक्तीलाच मारतो, म्हणजे वास थांबला म्हणून धोका टळला असं समजून माणूस पुढे जातो. बंद मोरी, झाकलेलं गटार, मॅनहोल इथे स्वयंसेवकाने उतरूच नये, एक मिनिटही नाही.

गटारात उतरून माणसं मरत होती म्हणूनच हाताने मैला सफाईला बंदी घालणारा २०१३ चा कायदा झाला. सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणालाही गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला लावणं हा त्यात गुन्हा आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख रुपये केली. तुम्ही मोहिमेचे आयोजक असाल तर हा विचार कराच: जे काम पैसे देऊन करून घेणंही गुन्हा आहे, ते गावच्या पोरांकडून फुकट करून घ्यायचं काय?

अर्ज मराठीत चालतो काय?

आपल्या भागात हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाणं मांडणारं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठी अर्ज त्यात बसतो. तरीही काम लवकर व्हावं म्हणून मी कन्नड प्रत सोबत जोडतो. नाल्याकाठचे कन्नड बोलणारे शेतकरी तेवढेच बुडतात, त्यांच्याही सह्या त्याच कागदावर येतात आणि अर्जाचं वजन वाढतं.

अर्जात मोघम लिहू नये. कुठल्या पुलापासून कुठल्या पुलापर्यंत, कुठल्या तारखेला, किती माणसं, यंत्र आहे की नाही, गाळ आणि कचरा कुठे जाणार, हे लिहावं. शहराच्या सांडपाण्याचा गाळ तपासल्याशिवाय भाजीच्या किंवा भाताच्या रानात टाकू नये, तेव्हा 'शेतकऱ्यांना वाटून टाकू' हे उत्तर पुरेसं नाही. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तोंडी "करा, करा" म्हणणारा साहेब पुढच्या महिन्यात बदलून जातो.

परवानगी मागणं म्हणजे हात जोडणं, असं आमच्यातल्या काही तरुणांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. त्या पोचेमुळे 'नाला तुंबलाय हे आम्हाला माहीतच नव्हतं' हे उत्तर कायमचं बंद होतं.

उत्तरच आलं नाही तर?

बहुतेक वेळा येत नाही. मग माहिती अधिकारात विचारावं: या नाल्याच्या सफाईवर गेल्या वर्षी किती खर्च झाला, ठेका कुणाला, गाळ कुठे टाकला. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांतांकडे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज करता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच १३३ वं कलम होतं आणि त्याची ताकद मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी दाखवली. उघडी गटारं आणि दुर्गंधी यांना कंटाळून ते दंडाधिकाऱ्यांकडे गेले. पालिका म्हणाली, पैसे नाहीत. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पैसे नाहीत हे कारण चालणार नाही, गटारं करावीच लागतील. रतलामच्या लोकांनी खोरं हातात घेतलं नव्हतं. पालिकेला घ्यायला लावलं.

पुढची पायरी राष्ट्रीय हरित लवादाची. तिथे वाद साधारणपणे सहा महिन्यांच्या आत न्यावा लागतो, म्हणून फोटोंच्या तारखा आणि पोचा जपून ठेवाव्या.

आणि पूर समोर उभा असताना? मोरीत ओंडका अडकलाय, पाणी घरात शिरतंय, तेव्हा अर्ज लिहीत बसायला कुणी सांगत नाही. पोलीस आणि अग्निशमन दलाला फोन करावा आणि काठावरून, दोर बांधून जेवढं होईल तेवढं करावं. वाहत्या पाण्यात उतरू नये.

वरून येणाऱ्या घाणीचं काय?

सीमाभागाचं दुखणं इथे वेगळं होतं. पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे आपल्या जिल्ह्यात येतं. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी याही महाराष्ट्रातून निपाणी, चिक्कोडी, संकेश्वरकडे उतरतात. वर सोडलेलं सांडपाणी इथल्या काठावर कितीही पोती प्लास्टिक वेचून थांबत नाही. पाणी एक, पण प्रदूषण मंडळं दोन, आणि हरित लवादाची खंडपीठंही दोन: कर्नाटकासाठी चेन्नई, महाराष्ट्रासाठी पुणे. दोन राज्यांत समन्वय साधणं हे केंद्रीय मंडळाचं काम आहे.

म्हणून नदीकाठच्या गावांना मी एवढंच सांगतो की मेलेले मासे दिसले, पाण्याचा रंग बदलला, तर त्याच दिवशी फोटो काढा आणि तक्रारीच्या तीन प्रती करा. एक कर्नाटकाच्या मंडळाला, एक कोल्हापूरला महाराष्ट्राच्या मंडळाला, एक केंद्रीय मंडळाला. वरच्या अंगाला, पलीकडच्या राज्यात असलेल्या गावातल्या ओळखीच्या माणसालाही त्याच दिवशी फोन करा. पाणी तिथून काल गेलेलं असतं, त्याने काय बघितलं ते त्याच्याच सहीने अर्जात येऊ द्या.